कॅमेरा, कस्टम्स आणि मामाची पावती

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य होतं : 'विठ्ठलवाडीतल्या एका स्टुडिओमालकाने १९८६ च्या सुमारास तस्करीतून आलेला जपानी कॅमेरा विकत घेतला.' मागच्या महिन्यात ते वाक्य मी काढून टाकलं. तो स्टुडिओमालक म्हणजे माझा सख्खा मामा. तो आता नाही, त्यामुळे 'असं कसं लिहिलंस गं?' असं विचारायलाही तो येणार नव्हता. तरी वाक्य काढावं लागलं. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, संशोधन आराखडा लिहिताय. 'तुझा विषय काय?' असं कुणी विचारलं की मी सांगते, 'परदेशातून येणाऱ्या कॅमेऱ्यावरची जकात.' समोरचा हसतो आणि लगेच दुसरा प्रश्न टाकतो, 'म्हणजे अमेरिकेतून लेन्स मागवली तर किती पडेल?' दोन्ही प्रश्न मला सारखेच आवडतात, कारण दुसऱ्याचं उत्तर द्यायला जी शिस्त लागते, तीच पहिल्यालाही लागते. आज मुंबईतल्या तीन कॅमेऱ्यांच्या आधाराने ती शिस्त दाखवते. पहिला १८९०च्या दशकातला, दुसरा १९१२ चा आणि तिसरा मामाचा.

'दर किती होता?' हा अर्धाच प्रश्न

सुरुवातीला मी फक्त दर गोळा करत होते. वहीत एका बाजूला साल, दुसऱ्या बाजूला टक्के. यादी सुबक दिसायची. १८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरी आटली आणि १८५९ मध्ये आयातीवरचा सर्वसाधारण दर १० टक्क्यांवर गेला. १८६४ मध्ये तो ७.५ झाला, १८७५ मध्ये ५. १८८२ मध्ये बहुतेक मालावरची आयात जकात उठली आणि १८९४ मध्ये ५ टक्के पुन्हा आली. पहिल्या महायुद्धाच्या खर्चापायी १९१६ मध्ये ७.५, १९२१ मध्ये ११, १९२२ मध्ये १५, आणि चैनीच्या मानलेल्या वस्तूंवर ३०.

माझ्या मार्गदर्शकांनी वही पाहिली आणि एवढंच म्हणाले, 'हे टक्के कशाचे?'

तिथे मी अडकले. पाच टक्के म्हणजे नेमक्या कुठल्या रकमेवर पाच टक्के? लंडनच्या दुकानातल्या किमतीवर, मुंबईच्या गोदीत उतरलेल्या किमतीवर, की मुंबईच्या बाजारातल्या किमतीवर? त्याचं उत्तर दरांच्या तक्त्यात सापडत नाही, ते १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्यात आहे. त्या कायद्याचं तिसावं कलम 'खरी किंमत' कशाला म्हणायचं ते सांगतं : तशाच मालाची, आयातीच्या वेळी आणि आयातीच्याच ठिकाणी, व्यापारी सूट वजा जाता जी रोख घाऊक किंमत असेल ती, तीत मिसळलेली जकात वजा करायची. अशी किंमत कळत नसेल तर तसा माल त्या ठिकाणी आणून पोहोचवायला जो खर्च येईल तो. म्हणजे तुमच्या हातातली लंडनची पावती हा पुरावा खरा, पण कर बसणार तो मुंबईतल्या किमतीवर.

तेव्हापासून जकातीचा कुठलाही आकडा समोर आला की मी पाच गोष्टी विचारते. दर काय? तो कुठल्या किमतीवर? वस्तू कोणत्या नावाखाली मोडली? ती कोणत्या वाटेने आली, म्हणजे बोटीतला माल, टपाल, की प्रवाशाचं सामान? आणि ती आणायला परवानगी लागत होती का? हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विषय साखरेचा असो की सायकलचा, ते उपयोगी पडतात.

सावेदादांच्या एकवीस गिनी

आता पहिला कॅमेरा. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय करत होते. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली. ती पाहून सावेदादांनी इंग्लंडमधून चित्रपटाचा कॅमेरा मागवला. चित्रपटाच्या इतिहासात त्याची किंमत २१ गिनी अशी नोंदलेली आहे. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं आणि १९०१ च्या डिसेंबरात केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांच्या स्वागताचं. परदेशी दुकानातून कॅमेरा मागवणाऱ्या मराठी माणसांच्या रांगेत ते खूप पुढे उभे आहेत.

हिशेब करून पाहू. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणून २१ गिनी म्हणजे ४४१ शिलिंग, अर्थात २२ पौंड १ शिलिंग. १८९९ पर्यंत रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडाला १५ रुपये, असा ठरून गेला होता. त्या भावाने कॅमेऱ्याचे होतात ३३० रुपये १२ आणे. त्यावर ५ टक्के म्हणजे साधारण साडेसोळा रुपये. बोटभाडं आणि मुंबईची घाऊक किंमत धरली तर आकडा थोडा वर सरकेल, पण साडेसोळाचा पन्नास होणार नाही.

पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा मला वाटलं, चला, निष्कर्ष हाती आला, जकात किरकोळ होती. मग सहज म्हणून विनिमयाचा दर मागे नेऊन पाहिला. १८९४-९५ मध्ये रुपयाची सरासरी १ शिलिंग १ पेनीच्या जरा वर होती. चांदी घसरत होती आणि तिच्यासोबत रुपयाही. त्या भावाने त्याच २१ गिनींचे जवळपास ४०४ रुपये होतात. म्हणजे एकाच कॅमेऱ्याच्या किमतीत, नुसत्या रुपया-पौंडाच्या भावामुळे, चार-पाच वर्षांत सत्तरएक रुपयांचा फरक! जकातीच्या चौपटीहून जास्त.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा : सावेदादांसारख्या माणसाला परदेशी कॅमेरा महाग पडला तो करामुळे की रुपयामुळे? माझा आराखडा 'करामुळे' असं गृहीत धरून लिहिलेला होता. पहिल्याच उदाहरणाने त्याला तडा गेला. आराखड्याला तडा जाणं वाईट नाही. तडा दिसूनही तो लिंपून पुढे जाणं वाईट.

फाळक्यांचे पन्नास पौंड आणि पुढचं सगळं

दुसरा कॅमेरा तुम्हाला माहीत आहे. दादासाहेब फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. त्यासाठी त्यांनी आपल्या विमा पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. तिथे त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र यांची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिलला ते परतले. यंत्रसामग्री पुढे मे महिन्यात मुंबईत पोहोचली. ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पन्नास पौंड म्हणजे ७५० रुपये, आणि ५ टक्क्यांनी जकात साडेसदतीस रुपये. पुन्हा किरकोळ. पण यावेळी चौथा प्रश्न विचारा : सामान कोणत्या वाटेने आलं? फाळके एप्रिलमध्ये उतरले आणि सामान मेमध्ये, म्हणजे ते त्यांच्या ट्रंकेत नव्हतं, माल म्हणून आलं. कस्टम्सच्या दृष्टीने माल वेगळा आणि प्रवाशाचं सामान वेगळं. हा भेद आजही तसाच आहे आणि पुढे मामाच्या कॅमेऱ्यापाशी तो फार महत्त्वाचा ठरणार आहे. लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, फिल्म रोज लागते. फाळक्यांच्या धंद्याला बंदरावर पुन्हा पुन्हा पैसे मोजावे लागले असतील तर ते कच्च्या फिल्मसाठी. दिवाण बहादूर रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या १९२७-२८ च्या चित्रपट चौकशी समितीनेही कच्च्या फिल्मवरच्या जकातीत सवलत द्यावी अशी शिफारस केली. 'कॅमेऱ्यावर कर किती' या प्रश्नाला चिकटून राहिलात तर ही शिफारस हातून निसटते. धंदा करणाऱ्या माणसाच्या वहीत पैसा नेमका कुठे झिरपत होता, ते आधी शोधा.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी तर कॅमेरा मागवण्याऐवजी इथेच बनवला. चुलतभाऊ आनंदराव १९१६ मध्ये गेले, त्यांचं अर्धवट राहिलेलं काम बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने पुरं केलं. जकात वाचवायला बनवला, असं एका सेमिनारमध्ये मी ठोकून दिलं होतं. एका श्रोत्याने शांतपणे विचारलं, 'वाचली किती असती?' ५-७ टक्के! त्यासाठी कुणी लेथवर वर्षं घालवत नाही. युद्धामुळे माल मिळायची मारामार, कारागिरीची हौस आणि स्वतःच्या पायावर उभं राहायची ईर्षा, ही कारणं त्या आकड्यापेक्षा कितीतरी वजनदार आहेत. आपल्या विषयाला सगळ्याचं कारण करून टाकायचा मोह प्रत्येक संशोधकाला होतो. मलाही झाला.

कर बाजूला ठेवा, परवाना पाहा

तिसऱ्या कॅमेऱ्याआधी मधली पन्नास वर्षं भराभर ओलांडू. १९४० मध्ये, युद्धकाळात, भारत संरक्षण नियमांखाली आयातीवर नियंत्रण आलं. युद्ध संपलं, नियंत्रण राहिलं. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने त्याला पक्का पाया दिला. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची गंगाजळी आटली तसा फास आणखी आवळला. यापुढे परदेशी वस्तू आणायची तर आधी परवाना हवा आणि परकीय चलन हवं. आयात धोरणाच्या सरकारी पुस्तकाला व्यापारी 'रेड बुक' म्हणत.

या काळात नुसते दर पाहणाऱ्याची फसगत होते. परवानाच मिळत नसेल तर दर ३० टक्के असला काय आणि १०० असला काय? दाराला कुलूप असताना उंबरठ्याची उंची मोजण्यात अर्थ नाही. सरकारचा हेतू उघड होता : चलन वाचवा, इथेच बनवा. उटकमंडला १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स उभी राहिली आणि 'इंदू' फिल्म बाजारात आली. घरोघरी 'आग्फा क्लिक थ्री' हा इथेच बनवलेला पेटीसारखा कॅमेरा दिसू लागला. वाढदिवसाच्या फोटोला तो पुरे. पण लग्नाच्या मांडवात, अपुऱ्या उजेडात, अक्षता उडतानाचा क्षण पकडायला स्टुडिओवाल्याला बदलत्या लेन्सचा जपानी कॅमेराच हवा असायचा.

आणि तो यायचा कसा? मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हाजीअलीचं हिरा पन्ना ही नावं त्या पिढीच्या तोंडी आहेत. आमच्या विठ्ठलवाडीला तर रुळांपलीकडे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शून्यातून धंदे उभे करणाऱ्या या लोकांच्या मालावर मुंबईकर एक विनोद करायचे : 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद करणाऱ्याला हसू यायचं, पण त्यात एक निवाडाही दडलेला असायचा : इथे जे काही परदेशी दिसेल ते एकतर नकली, नाहीतर चोरटं. हा निवाडा मी लहानपणापासून ऐकला आणि नकळत तोच प्रबंधात उतरला.

मामाची पावती

मामाचा स्टुडिओ स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर होता. पासपोर्ट फोटो, मुंजी, बारशी, लग्नं. त्याचा याशिका कॅमेरा तपकिरी चामडी केसमध्ये असायचा आणि त्याला हात लावायची आम्हा पोरांना बंदी होती. शेजारीपाजारी त्याला 'स्मगलिंगचा कॅमेरा' म्हणायचे. मामा हसायचा, नाकारायचा नाही. गिऱ्हाइकाला उलट त्याचं अप्रूप वाटायचं.

माझा पुरावा एवढाच. 'सगळे म्हणायचे' आणि 'मामा हसायचा'. त्यावर मी 'तस्करीतून आलेला' असं भूतकाळी, निःशंक वाक्य लिहिलं आणि खाली तळटीप दिली : 'कौटुंबिक मुलाखती.' तळटिपेने वाक्याला वजन येतं. पण त्या तळटिपेच्या तळाशी होती फक्त शेजाऱ्यांची थट्टा.

दिवाळीत मामीकडे गेले तेव्हा प्रकरणाची छापील प्रत सोबत होती. मामीने चष्मा लावून ते पान वाचलं. थोडा वेळ काही बोलली नाही.

'तस्करी म्हणजे चोरीचाच ना गं?'

'तसं नाही मामी, म्हणजे जकात न भरता...'

'भरली होती की. पावती आहे.'

केसच्या आत, तळाच्या मखमली अस्तराखाली, चार घड्या घातलेला कागद निघाला. सहार विमानतळावर कस्टम्सची ड्युटी भरल्याची पावती, १९८६ सालची. नाव मामाचं नव्हतं. मामाच्या चाळीतला एक माणूस आखातात नोकरीला होता, त्याचं होतं. वस्तूंच्या रकान्यात फक्त दोन नोंदी : कॅमेरा एक, लेन्स एक. मामीने सांगितलं, त्या माणसाने सुट्टीवर येताना मामासाठी कॅमेरा आणला, ड्युटी पदरची भरली आणि मामाने ते पैसे दोन वर्षांत, लग्नसराईच्या लग्नसराईला, फेडले. 'पावती का नाही दाखवली कुणाला?' मी विचारलं. मामी म्हणाली, 'कुणी विचारली होती?'

मलाच उद्देशून होतं ते. मी मामीची मुलाखत घेतली होती, दीड तासाची. गिऱ्हाइकं, दर, डार्करूम, सगळं विचारलं होतं. कॅमेरा आला कसा, हे विचारलंच नव्हतं, कारण ते मला 'माहीत' होतं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, मामा निर्दोष. थांबा. संशोधक म्हणून इथेही घाई चालत नाही. पावतीवर कॅमेऱ्याचा क्रमांक नाही. मेकही नाही. ती याच कॅमेऱ्याची, हे मामीच्या सांगण्यावरून आणि ती याच केसमध्ये सापडली यावरून संभवतं, सिद्ध होत नाही. शिवाय प्रवाशाच्या सामानाची सवलत ही त्याच्या स्वतःच्या खऱ्याखुऱ्या वापरासाठी असते. दुसऱ्याच्या धंद्यासाठी आणलेली वस्तू त्यात कितपत बसते, हा वेगळा प्रश्न उरतोच. म्हणजे जुनं वाक्य चूक होतं, पण त्याच्या जागी उलट टोकाचं वाक्य लिहिणंही चूकच ठरलं असतं.

आणि एक धागा इथे येऊन जुळतो. परतणाऱ्या कामगारांना आपली व्यावसायिक अवजारं आणायला सामान नियमांत खास सवलत असायची. १९९८ च्या नियमांनी 'व्यावसायिक उपकरणं' म्हणजे काय ते स्पष्ट केलं : सुतार, नळकारागीर, वेल्डर, गवंडी अशांना त्यांच्या कामासाठी लागणारी हाताळण्याजोगी साधनं. आणि त्यात काय धरायचं नाही, तेही लिहिलं. त्या वगळलेल्या यादीतलं पहिलंच नाव कॅमेरा! पुढे कॅसेट रेकॉर्डर, टाइपरायटर वगैरे. सर्वांच्या वापरातल्या वस्तू म्हणून त्या वगळल्या. गवंड्याची थापी हे अवजार, आणि मामाचा कॅमेरा मात्र हौशीची वस्तू. ज्याच्यावर त्याने दोन मुलांची शिक्षणं केली, त्या यंत्राला कायद्याच्या भाषेत अवजार म्हणून जागाच नव्हती. प्रबंधात मला जे सांगायचं होतं ते तस्करीच्या वाक्यात नव्हतंच, ते या व्याख्येत होतं.

तीस मिनिटांचं भांडण

व्याख्येवरून आणखी एक किस्सा सांगते. जकातीचा इतिहास म्हणजे जुनी धूळ असं वाटणाऱ्यांसाठी.

डिजिटल कॅमेरा आला आणि तिसरा प्रश्न, म्हणजे वस्तू कोणत्या नावाखाली मोडते, हा करोडोंचा झाला. स्थिर चित्रांच्या डिजिटल कॅमेऱ्याला सीमाशुल्कात माफी होती, व्हिडिओ कॅमेऱ्याला नव्हती. पण एकच कॅमेरा दोन्ही करत असेल तर? मार्च २०१२ च्या अधिसूचनेत स्पष्टीकरण आलं. किमान ८०० बाय ६०० पिक्सेल, सेकंदाला किमान २३ फ्रेम, आणि पूर्ण साठवणक्षमता वापरून सलग किमान ३० मिनिटं, अशी चित्रफीत जो कॅमेरा घेऊ शकत नाही, तोच माफीला पात्र. युरोपीय संघाच्या वर्गवारीतही अशीच कसोटी होती. आता कळलं, अनेक कॅमेऱ्यांचं व्हिडिओ चित्रण २९ मिनिटं ५९ सेकंदांवर का थांबायचं? पुष्कळांना ते यंत्र तापण्यामुळे वाटतं. तापण्याची अडचण खरीच आहे, पण नेमका तोच सेकंद जकातीच्या तक्त्यातून आला.

त्याच महिन्यात दिल्लीत उतरलेल्या कॅनन कंपनीच्या कॅमेऱ्यांवरून वाद पेटला. अधिकाऱ्यांनी आधी माफी देऊन माल सोडला, मग महसूल गुप्तचर संचालनालयाने २०१४ मध्ये नोटीस काढली. ९ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, पण कॅमेरा कोणत्या प्रकारचा यावर नव्हे. अशी नोटीस काढायला संचालनालयाचा अधिकारी कायद्यातला 'योग्य अधिकारी' नाही, या मुद्द्यावर ती रद्द झाली. त्या तत्त्वावर देशभरातली अनेक प्रकरणं लटकली. पुनर्विचारात ७ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाने ती भूमिका बदलली आणि हे अधिकारी योग्यच ठरवले. तुमच्यासाठी धडा : निकालाचं नाव आणि साल देऊन मोकळं होऊ नका. तो निकाल पुढे टिकला का, हे पाहिल्याशिवाय उद्धृत करू नका.

मग लेन्स मागवली तर किती पडेल?

आता तो दुसरा प्रश्न. क्षेत्रकार्यासाठी, कागदपत्रांचे फोटो घेण्यासाठी तुमच्यापैकी कुणी बाहेरून लेन्स मागवेल. हिशेबाची रीत अशी.

समजा लेन्स ४०,००० रुपयांची, वाहतूक १,५०० आणि विमा ५००. कर ४०,००० वर नाही, ४२,००० वर बसतो. समजा मूळ सीमाशुल्क १० टक्के, म्हणजे ४,२००. २०१८ पासून त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आहे, म्हणजे ४२०. आता बेरीज ४६,६२०. या बेरजेवर एकात्मिक जीएसटी, समजा १८ टक्के, म्हणजे ८,३९१ रुपये ६० पैसे. एकूण कर १३,०११ रुपये ६० पैसे. '१० अधिक १८, म्हणजे २८ टक्के' असं तोंडी करणाऱ्याला तो ३१ टक्क्यांच्या जवळ भेटतो. करावर कर बसतो तो असा. शिवाय रुपयाचा भाव मोबाइलवर दिसतो तो धरला जात नाही, सीमाशुल्क खात्याने अधिसूचित केलेला धरला जातो. सावेदादांची गोष्ट आठवली ना?

तीच लेन्स कुणी सामानातून आणली तर रीतच बदलते. १ एप्रिल २०१६ पासूनच्या सामान नियमांत, बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीयाला ५०,००० रुपयांपर्यंत मोकळीक आणि वरच्या किमतीवर ३५ टक्के अधिक अधिभार, म्हणजे ३८.५ टक्के, असा हिशेब होता. नवरा-बायकोने दोघांची मोकळीक एका कॅमेऱ्यासाठी एकत्र धरायची नाही, हेही त्यात स्पष्ट होतं. मी 'होता' म्हणते ते मुद्दाम. कराचा दर लिहिताना तारीख नसेल तर ते वाक्य अर्धं. खरेदी किंवा प्रवास ज्या दिवशी, त्या दिवशीची अधिसूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर बघा. माझ्या लेखातला आकडा घेऊन विमानतळावर भांडू नका.

आणि स्वतःचा महागडा कॅमेरा घेऊन परिषदेला बाहेर जाणार असाल तर निघताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यावर क्रमांक लिहिलेला आहे ना, हे स्वतः तपासा. परतताना कटकट टळेल. आणि चाळीस वर्षांनी तुमच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या भाचीचीही सोय होईल.

वाक्य शेवटी कसं झालं

तिसऱ्या प्रकरणातला तो मजकूर आता असा आहे : 'या स्टुडिओतला जपानी कॅमेरा परिसरात तस्करीचा समजला जाई. कुटुंबाकडे मात्र १९८६ ची, अन्य प्रवाशाच्या नावे शुल्क भरल्याची पावती आहे. तीवर कॅमेऱ्याचा क्रमांक नसल्याने ती याच कॅमेऱ्याची असल्याचे निश्चित म्हणता येत नाही. स्टुडिओमालकाने शुल्काची रक्कम संबंधिताला दोन वर्षांत परत केल्याचे पत्नीने सांगितले.'

आधीच्या एका वाक्याची चार झाली. पूर्वीचं वाक्य वाचायला जोरदार होतं, हे वाचताना जरा अडखळायला होतं. मार्गदर्शकांनी समासात छोटीशी बरोबरची खूण केली आणि पान उलटलं. मामीला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा तिने शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

'परत केल्याचे, असंच लिहिलंयस ना?'

'हो मामी.'

'बरं. राहू दे मग.'